घोडे कुठे पेंड खाते?

घरातले दिवे अचानक गेले की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीत दिवे आहेत का ते बघतो. समोरही अंधार असेल तर आपण निवांत होतो. वीज कंपनी बघून घेईल. समोर लखलखाट असेल तर आपली पावले जिन्याखालच्या मीटरकडे वळतात. आणि फक्त स्वयंपाकघरातच अंधार असेल तर आपण तिथली कळ आणि फ्यूज तपासतो. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. तरीही दोन-तीन प्रश्नांत बिघाड शहरात आहे, इमारतीत आहे की घरात, हे आपण अचूक ओळखतो.

हीच शहाणी माणसे लॅपटॉपवर एखादे पान उघडेनासे झाले की मात्र पार गोंधळून जातात. पडद्यावर ते छोटेसे चक्र गरगर फिरत राहते, आणि मग काहीतरी इंग्रजी मजकूर येतो. तो न वाचताच बंद केला जातो. मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा, लॅपटॉप बंद करून चालू करायचा, कोणी सुचवले म्हणून ब्राउझरच काढून टाकून नव्याने बसवायचा, असे एकेक उपाय सुरू होतात. शेवटच्या उपायात कधीकधी जपून ठेवलेले पासवर्डही जातात आणि पान काही उघडत नाही ते नाहीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार असतो.

एरवी हे हसून सोडून देता आले असते. पण अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज, विजेचे बिल, निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला अशी कितीतरी कामे आता याच पडद्यावरून होतात. त्यांना शेवटची तारीख असते. अशा वेळी ‘पान उघडत नाही’ हे वाक्य घराला घाम फोडते. आणि गंमत म्हणजे, या वाक्यातून काहीच कळत नाही. ते ‘पत्र पोचले नाही’ म्हणण्यासारखे आहे. पत्र पेटीतच पडले नाही, पोस्टातून निघाले नाही, पत्ता चुकला की घेणाऱ्याने दार उघडले नाही? प्रत्येकाचा उपाय निराळा. म्हणून खरा प्रश्न ‘का उघडत नाही’ हा नसून ‘कुठपर्यंत पोचते’ हा आहे.

पानाचा प्रवास

आपण पत्त्याच्या पट्टीत संकेतस्थळाचे नाव लिहितो आणि क्षणार्धात पान समोर येते. त्या क्षणात पाच टप्पे पार पडलेले असतात. पहिला, लॅपटॉपपासून घरातल्या राउटरपर्यंतचा. हा बहुधा बिनतारी असतो. दुसरा, राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतचा. तिसरा टप्पा नावावरून पत्ता शोधण्याचा, कारण यंत्रांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. चौथा, त्या आकड्यांच्या पत्त्यावर बसलेल्या दूरच्या संगणकापर्यंतचा, जो मुंबईत असेल किंवा अमेरिकेत. आणि पाचवा, त्या संगणकाचे ओळखपत्र तपासून घेऊन आलेला मजकूर ब्राउझरने पडद्यावर मांडण्याचा. घोडे या पाचांपैकी कुठेतरी पेंड खात असते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळी टेलिफोनच्या तारेतून जोडणी करावी लागे आणि मोडेम चक्क आवाज करीत असे. आधी फोनचा सूर, मग आकडे फिरवल्याचा आवाज, मग तो प्रसिद्ध कर्कश किंचाळा. सूरच ऐकू आला नाही तर टेलिफोन मेलेला आहे, पलीकडून ‘व्यग्र’ असल्याचा आवाज आला तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, हे घरातल्या पोरालाही कळत असे. बिघाड कानाने कळत होता. आज वायफाय आले, वेग वाढला, आणि तो आवाज गेला. सगळे मुक्याने चालते आणि मुक्यानेच बंद पडते. म्हणून जे कानाने कळत होते ते आता प्रश्न विचारून काढावे लागते.

शेजारी दिवे आहेत का?

पहिले दोन प्रश्न अगदी वीज गेल्यावरचेच आहेत. एकच संकेतस्थळ उघडत नाही की कोणतेच उघडत नाही? आणि एकाच लॅपटॉपवर उघडत नाही की घरातल्या सगळ्यांवर?

एकच संकेतस्थळ बंद असेल आणि बाकीची उघडत असतील, तर आपला राउटर निर्दोष आहे. बिघाड बहुतेक पलीकडे आहे. सगळी संकेतस्थळे बंद, पण फक्त एकाच लॅपटॉपवर, असे असेल तर बिघाड त्या लॅपटॉपमध्ये आहे. राउटर आणि कंपनी यांना दोष देऊ नये. सगळ्यांवर सगळेच बंद असेल, तर मात्र राउटर किंवा त्याच्या पलीकडची तार संशयित ठरते.

ही तुलना करताना एक सापळा सांभाळावा. अनेक घरांत ‘फोनवर तर चालते आहे, म्हणजे वायफाय ठीक आहे’ असा निष्कर्ष काढतात. फोनमध्ये मोबाइलचा डेटा चालू असेल तर वायफायवरून इंटरनेट मिळत नाही असे दिसताच अनेक फोन गुपचूप त्याकडे वळतात. तेव्हा फोनची साक्ष घ्यायची असेल तर आधी त्याचा मोबाइल डेटा बंद करावा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होते. राउटर नादुरुस्त असताना आपण लॅपटॉप दुरुस्तीला नेऊन देतो.

राउटरच्या दारात

बहुतेक राउटरच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर त्याचा स्वतःचा पत्ता छापलेला असतो. घरगुती राउटरचा तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हा पत्ता ब्राउझरमध्ये लिहून बघावा. राउटरचे पान उघडण्यासाठी बाहेरचे इंटरनेट लागत नाही. ते उघडले तर एका झटक्यात दोन गोष्टी सिद्ध होतात. लॅपटॉप राउटरपर्यंत पोचतो आहे, आणि ब्राउझरला पान दाखवता येते आहे. दोष पुढे कुठेतरी आहे.

ते उघडले नाही, तर पहिल्याच टप्प्यात अडले आहे. लॅपटॉपचा ‘विमान’ खुणेचा खटका चुकून दाबला गेला आहे का, तो शेजाऱ्याच्या किंवा जुन्या वायफायला तर चिकटला नाही ना, हे बघावे. जाड भिंतींचाही विचार करावा. वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दूरवर जातो, पण मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना त्यात अडथळा येऊ शकतो. लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेऊन पाहिला की याचा निकाल लागतो.

लहान कार्यालये, शिकवणीवर्ग, ग्रंथालये इथे एक वेगळीच अडचण येते. राउटर प्रत्येक लॅपटॉपला काही काळापुरता एक क्रमांक देतो, लॉजमध्ये खोली द्यावी तसा. खोल्या मर्यादित असतात. सगळ्या भरल्या की नव्या पाहुण्याला खोली मिळत नाही, आणि तो लॅपटॉप स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक लावून घेतो. नेटवर्कच्या माहितीत हा आकडा दिसला की समजावे, राउटरकडून क्रमांक मिळालेला नाही. कधी कोणीतरी हाताने ठरावीक क्रमांक लिहून ठेवलेला असतो आणि दोन लॅपटॉपना एकच क्रमांक होतो. मग दोघांपैकी कधी एकाचे चालते, कधी दुसऱ्याचे. क्रमांक आपोआप घेण्याची सोय चालू केली की हा तंटा मिटतो.

राउटरपर्यंत सगळे ठीक असेल तर त्याच्या दिव्यांकडे बघावे. फायबरच्या जोडणीत कंपनीच्या डब्यावर ‘एलओएस’ अशी अक्षरे असलेला दिवा असतो. तो लाल झाला तर प्रकाशाचा संकेत डब्यापर्यंत येतच नाही. तार कुठेतरी तुटली, सुटली किंवा फार वाकली आहे. तिथे लॅपटॉपवर डोके फोडून उपयोग नाही. तक्रार नोंदवावी आणि चहा घ्यावा.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे हा उपाय चेष्टेचा विषय झाला असला तरी तो खरोखर उपयोगी आहे. राउटर हाही एक छोटा संगणकच असतो. दिवसेंदिवस चालू राहिल्याने त्याच्या स्मृतीत गुंता होतो, आणि नव्याने सुरू झाला की तो कंपनीशी नव्याने जोडणी करतो. मात्र ‘बंद-चालू करणे’ आणि ‘रीसेट करणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागच्या बारीक भोकात पिन खुपसून दाबले की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. त्यात भरलेले वायफायचे नाव, पासवर्ड आणि कंपनीने दिलेली जोडणीची माहिती पुसली जाते. मग तंत्रज्ञाची वाट बघत बसावे लागते.

नावावरून पत्ता

व्हॉट्सॲपवर निरोप येत आहेत, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. ‘म्हणजे इंटरनेट आहे की नाही?’ असा प्रश्न पडतो. इंटरनेट असते, हरवलेली असते ती नाव-पत्त्यांची वही. आधीपासून जोडले गेलेल्या ॲपला ती वही पुन्हा उघडावी लागत नाही, ब्राउझरला नव्या पानासाठी ती लागते.

इंटरनेटच्या बाल्यावस्थेत ही वही म्हणजे एकच यादी होती. ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि तिथून सगळे उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी डीएनएस नावाची विकेंद्रित व्यवस्था आखली, जिच्यात आपापल्या भागाची वही आपापल्याकडे राहते. आज आपण एक नाव लिहिले की ही चौकशी आपल्या नकळत होते. चौकशीचा काउंटर बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीचाच असतो. तो बंद पडला की तार शाबूत असूनही काहीच उघडत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ लिहून पुढे ८.८.८.८ हा आकडा द्यावा. पिंग हा माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला चिमुकला प्रोग्राम आजही प्रत्येक संगणकात आहे. विहिरीत खडा टाकून आवाज ऐकावा, तसा तो दूरच्या यंत्राला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. आकड्याला उत्तर आले, पण संकेतस्थळाचे नाव दिल्यावर ‘सापडले नाही’ असे आले, तर दोष वहीचा. मग घरच्या लॅपटॉपच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या वहीचा पत्ता देता येतो. गुगलची ८.८.८.८ ही २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही २०१८ पासून सर्वांना मोफत खुली आहे. काही कार्यालयांत पिंगला मज्जाव असतो, त्यामुळे तिथे उत्तर आले नाही म्हणून घाबरू नये, आणि कार्यालयाच्या लॅपटॉपमध्ये हे बदल न विचारता करूही नयेत.

घड्याळ चुकले की दार बंद

‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ हा मजकूर पाहून अनेकांना लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला असे वाटते. बऱ्याचदा कारण फार साधे असते: लॅपटॉपची तारीख चुकलेली असते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले ओळखपत्र दाखवते. त्या ओळखपत्राला एसटीच्या पासासारखी मुदत असते. बरेच दिवस बंद असलेल्या जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. त्याच्या लेखी आजचे ओळखपत्र भविष्यातले ठरते, आणि तो दार लावून घेतो. तारीख-वेळ दुरुस्त केली की सगळे सुरळीत.

दुसरे कारण लॅपटॉपच्या वयाचे. ओळखपत्र देणाऱ्या संस्थांच्या सह्या ओळखण्याची यादी संगणकात असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा एका फार वापरल्या जाणाऱ्या सहीची मुदत संपली, तेव्हा जगभरात वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेली अनेक यंत्रे चांगल्या संकेतस्थळांनाही नाकारू लागली. विंडोज ७ ला मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. एकाच वायफायवर नातीचा नवा लॅपटॉप चालतो आणि आजोबांचा जुना चालत नाही, याचे कारण पुष्कळदा यातच दडलेले असते.

मात्र तारीख बरोबर असताना बँकेच्या किंवा पैशाच्या पानावर असा इशारा आला, तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण कधीही दाबू नये. तिथे ब्राउझर अडवतो आहे तो आपल्याच भल्यासाठी.

दोष खुद्द ब्राउझरचा असेल तर तो ओळखणेही कठीण नाही. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे, किंवा त्याच ब्राउझरच्या खासगी खिडकीत. तिथे उघडले तर जुना साठवलेला मजकूर किंवा जोडलेले एखादे उपकरण, म्हणजे ‘एक्स्टेन्शन’, आडवे आले आहे. ती एकेक करून बंद करावीत. सगळा ब्राउझर उपटून टाकण्याची गरज नसते.

माहेरच्या सवयी

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर कार्यालयांचे लॅपटॉप घरोघरी आले आणि सोबत त्यांच्या सवयीही आल्या. अनेक कार्यालयांत प्रत्येक पान एका मध्यस्थामार्फत, म्हणजे ‘प्रॉक्सी’मार्फत जाते. लॅपटॉप घरी आला तरी तो त्याच मध्यस्थाला शोधत बसतो आणि तो काही घरच्या वायफायवर सापडत नाही. सेटिंगमधली प्रॉक्सीची नोंद किंवा अर्धवट जोडलेला व्हीपीएन, ही इथली नेहमीची कारणे. स्वतःच्या लॅपटॉपमध्ये कधीच न लावलेली प्रॉक्सी दिसली तर मात्र सावध व्हावे, कारण काही घातक प्रोग्रामही ती लावून ठेवतात.

रेल्वे स्थानक, विमानतळ, हॉटेल इथे उलटा प्रकार. वायफाय जोडले जाते, पण पान येत नाही, कारण आधी नोंदणीचे पान येऊन मोबाइलवर आलेला आकडा भरायचा असतो. ते पान आपोआप आले नाही तर वायफाय एकदा तोडून पुन्हा जोडावे.

सगळ्या गावचेच दिवे जातात तेव्हा

कधीकधी आपल्या हातात काहीच नसते. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रांगू लागले. ८ जून २०२१ रोजी फास्टली या कंपनीतल्या एका सुप्त दोषामुळे जगातली मोठमोठी वृत्तपत्रे आणि ब्रिटिश सरकारची संकेतस्थळे काही काळ बंद पडली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगाच्या नकाशावरून पुसले गेले. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले आणि तिची नाव-पत्त्यांची वही बाहेरच्यांना दिसेनाशी झाली. त्या रात्री घरचा राउटर शंभरदा बंद-चालू केला असता तरी काय होणार होते? दुसरी संकेतस्थळे उघडतात का, एवढे पाहिलेल्याला मात्र लगेच उमगले असेल की दोष आपल्या घरात नाही.

नसत्या मदतीपासून सावध

या गोंधळाची खरी किंमत वाया गेलेल्या वेळात नसते. घाबरलेला माणूस फोनवर ‘कस्टमर केअर’चा क्रमांक शोधतो, आणि शोधात सापडणारे असे काही क्रमांक भामट्यांनी पेरलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘साहेब, एवढे एक ॲप टाका, मी इथूनच दुरुस्त करतो’ म्हणतो. ते ॲप म्हणजे आपल्या यंत्राच्या किल्ल्या असतात. मग दहा रुपये भरायला सांगितले जाते, आलेला ओटीपी विचारला जातो आणि खाते रिकामे होते. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे ओरडणारे पानही याच जातकुळीतले. कंपनीचा क्रमांक बिलावरूनच घ्यावा. आणि फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

यावर उपाय म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ही क्रमवारी ठाऊक असणे. बहुतेक घरांत हे ज्ञान एका माणसाकडे असते. तो कामावर, परगावी किंवा परदेशात गेला की बाकीचे हात जोडून बसतात. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर ग्राहक क्रमांक, बिलावरचा तक्रारीचा क्रमांक, राउटरचा पत्ता आणि पाच प्रश्न लिहावेत: आलेला मजकूर काय आहे? एकच पान की सगळी? एकच लॅपटॉप की सगळे? राउटरचे पान उघडते का? लाल दिवा आहे का? उपाय करताना एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा; पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

एवढी उत्तरे हाताशी असली की तक्रार केंद्राशी बोलण्याचा सूरही बदलतो. ‘अहो, इंटरनेट चालत नाही’ म्हणण्याऐवजी आजी सांगू शकते, ‘दोन्ही लॅपटॉपवर सगळेच बंद आहे, राउटरचे पान उघडते, एलओएसचा दिवा लाल आहे.’ पलीकडच्याला मग तिला राउटर बंद-चालू करायला सांगता येत नाही. तार बघायला माणूसच पाठवावा लागतो.